विहिरीत शिकलेलं पोहणं

मला सरळ पोहता येत नाही, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो आणि ही समजूत मी मनात ठेवलेली नव्हती. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथं कुठं पाण्याचा विषय निघेल तिथं मी माझ्या पोहण्यावर यायचो. आमच्या संभाजीनगरात पाण्याचा विषय निघतोच. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळं उरलेले सहा दिवस लोक त्याच्याबद्दल बोलत असतात.

पिशोरच्या अलीकडं आमचं शेत होतं आणि शेतात विहीर. सहाव्या वर्षी वडिलांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला तिच्यात सोडलं, पुढच्या उन्हाळ्यात भोपळा काढून घेतला आणि माझं पोहण्याचं शिक्षण तिथं संपलं. त्या विहिरीत पोहण्याचे दोनच नियम होते. एक म्हणजे सगळ्यांनी एकाच दिशेनं गोल फिरायचं, भिंत उजव्या हाताला ठेवून, म्हणजे टक्कर होत नाही. दुसरा नियम असा, की डोकं कायम पाण्याच्या वर आणि नजर आभाळाकडं, कारण वरून कोण कधी मुटका मारेल याचा नेम नसायचा. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धोंड्यासारखं पाण्यात पडणं. माझ्या चुलतभावाचा मुटका ज्याच्या डोक्यावर यायचा तो दोन दिवस शाळेत दिसायचा नाही. हे दोन्ही नियम मी बारा वर्षं पाळले, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

माझी नोकरी जमीन मोजणीची. तीस वर्षं मी लोकांच्या शेतांच्या हद्दी सरळ आखून दिल्या. भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावत असताना मधोमध उभा राहून मी साखळी धरलेली आहे, आणि रेघ कधी वाकडी जाऊ दिली नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो, आणि त्याच महिन्यात बायकोचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. रिक्षात बसल्यावर तिनं मला सांगितलं की तिला लहानपणापासून पोहायला शिकायचं होतं.

हे मला चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळत होतं. तिचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. विहीर घराच्या मागंच. रोज सकाळी पाणी शेंदायचं काम तिच्याकडं आणि विहिरीत उड्या मारायचं काम भावांकडं, अशी वाटणी होती. नऊ वर्षांची असताना तिच्या हातून तांब्याची कळशी दोरातून निसटून खाली गेली. दोन दिवस गळ टाकून शोधली, भावांनी बुड्या मारल्या, शेजारच्या वस्तीवरून पाणबुड्या बोलावला. कळशी सापडली नाही. तेव्हापासून खोल पाणी दिसलं की ती मागं सरते. "खाली काय असतं ते कुणालाच माहीत नसतं," ती म्हणाली.

"त्यात काय एवढं? मी आहे ना शेजारी," मी म्हणालो.

"खरंच राहाल?"

"म्हणजे काय? शब्द आहे माझा."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघितलं.

गारखेड्याच्या पुढं एक तलाव आहे, म्हणजे स्विमिंग पूल, तिथं ज्येष्ठांची सकाळची बॅच असते. बाया-माणसं एकत्र. तिथलेही दोन नियम होते. डोक्याला रबरी टोपी घालायची, टक्कल असलं तरी. आणि आधी शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. शॉवरला पाणी नसायचं, कारण त्याची टाकी नळावर होती. पण नियम नियमच असल्यामुळं तिथला वॉचमन आम्हाला एकेक करून कोरड्या शॉवरखाली उभं करायचा, मनात काहीतरी मोजायचा आणि मग "चला पुढं" म्हणायचा. एकदा मी त्याला विचारलं की याचा उपयोग काय. तो म्हणाला, "साहेब, सवय मोडू नाय." मला ते पटलं. त्यानंतर मी कोरड्या शॉवरखाली दोन्ही बाजूंनी वळून उभा राहायचो.

कोच तिशीतला होता. हातात एक लांब बांबू, अंगात ट्रॅकसूट, आणि केस कायम कोरडे. आमच्या बॅचमध्ये कुणीही त्याला पाण्यात उतरलेलं बघितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना पाण्यात उभं राहून श्वास सोडायला लावला. मी त्याला बाजूला घेऊन नम्रपणे सांगितलं की मी विहिरीत शिकलोय, मला एकदम खोल पाण्यातच सोडा.

"दाखवा, काका," तो म्हणाला.

मी दाखवलं. डोकं वर, नजर आभाळाकडं, हात खणाखण. पाणी कापत जाण्याचा तो आनंद चाळीस वर्षांनी परत आला. वाटेत एकदोघांना लाथा लागल्या, कुणीतरी काहीतरी ओरडलं, तिकडं मी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळानं हाताला भिंत लागली. दम घेतला, डोळे पुसले, आणि बघतो तर समोर बायको उभी. मला वाटलं, माझं कौतुक करायला ती काठानं चालत पलीकडं आली.

"काका," कोच म्हणाला, "तुम्ही गेल्ते कुठं?"

"पलीकडं."

"पलीकडं नाय गेलात. तुम्ही माघारी आलात."

मी आजूबाजूला बघितलं. तीच पायरी, तोच टॉवेल, तोच वॉचमन. मी पूर्ण एक वर्तुळ मारून जिथून निघालो तिथंच परत आलो होतो. बायकोनं तोंडावर पदर धरायचा प्रयत्न केला, पण पोहण्याच्या कपड्यांना पदर नसतो, त्यामुळं ती हसलेली सगळ्यांना दिसली.

त्या दिवसापासून मला एका कोपऱ्यात टाकण्यात आलं. माझ्या डावीकडं कुणी पोहायचं नाही असं कोचनं बॅचला सांगून ठेवलं. लोक ते इतकं मनावर घ्यायचे की मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तरी माझ्या डावीकडून बाजूला व्हायचे.

इकडं बायको भराभर शिकत होती. तिला आधीचं काहीच येत नव्हतं, त्यामुळं तिला काही विसरायचं नव्हतं. महिन्याभरात ती उथळ भागात अशी पोहायला लागली की कोच बाकीच्यांना थांबवून तिचा हात बघायला सांगायचा. पण तलावाच्या मध्यावर एक दोर बांधलेला होता. दोराच्या पलीकडं तळ उतरत जातो आणि फरशा काळपट दिसायला लागतात. तिथं आली की ती थांबायची. दोर दोन्ही हातांनी धरायची आणि खाली बघत राहायची. रोज, न चुकता. कोचनं समजावलं, बांबू पुढं धरला, एकदा रागावूनही बघितलं. शेवटी ती त्याला म्हणाली, "हे शेजारी असले तर मी जाईन."

कोचनं माझ्या कोपऱ्याकडं बघितलं. "काकू, काका शेजारी असले तर तुम्हाला लागंल," तो म्हणाला.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी परीक्षा असायची. उथळ टोकापासून निघून, दोर ओलांडून, खोल टोकाच्या भिंतीला हात लावायचा. पास झाला त्याचं नाव खोल पाण्याच्या वहीत जायचं. राहिला त्यानं पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून यायचं. कोच असं म्हणाला त्या रात्री स्वयंपाक करताना बायको मला म्हणाली, "या वेळी जमलं नाही तर मी परत जायची नाही. हौस एकदाच असते माणसाला." तिनं ते कणीक मळता मळता सांगितलं, पण मी तिला ओळखतो. ती जायची नाही म्हणाली म्हणजे जायची नाही. तेव्हा आता सगळं माझ्यावर होतं. मला सरळ पोहता आलं तर कोच मला तिच्या शेजारी सोडणार होता, आणि मी शेजारी असलो तरच ती दोर ओलांडणार होती.

मी हट्टी माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कोचला म्हणालो, सांग बाबा, माझं काय चुकतं.

त्याला हे बरेच दिवस सांगायचं होतं असं दिसलं. "काका, तुमचा उजवा हात नांगर वढतोय आन् डावा नुसता सोबतीला आलाय. मग गाडी डावीकडं जाणारच की. डोकं वर, म्हणून पाय खाली. तुम्ही पोहत नाय, तुम्ही पाण्यात जिना चढताय."

"मग काय करू?"

"तोंड पाण्यात घाला. खाली तळाला काळी रेघ हाय ना, तिच्यावर नजर. हात खांद्याच्या समोर टाकायचा, नाकासमोर नाय. कोपर वर. दोन्ही हातांनी सारखंच वढायचं, पार मांडीपोत्तर. तीन हात झाले की मान कडंला वळवून श्वास, एकदा हिकडं, एकदा तिकडं. बास."

"तोंड पाण्यात घातलं आणि वरून कुणी पडलं तर?"

कोचनं वर बघितलं. मीही बघितलं. वर पत्र्याचं शेड होतं आणि एक पारवा बसला होता.

"कोण पडंल, काका?"

पण पन्नास वर्षांची धास्ती पत्र्याचं शेड बघून जात नाही. पुढचे पंधरा दिवस मी तोंड पाण्यात घालायचो आणि दोन हात मारले की दचकून वर बघायचो. पारवा तिथंच असायचा.

मग मी घरी सराव सुरू केला. श्वास पाण्यात सोडण्यासाठी बादली लागते आणि बादलीत पाणी लागतं. आमच्याकडं पाण्याचा एक थेंबही एका कामासाठी वापरला जात नाही. बायकोनं विचार करून सांगितलं, "भाजी धुतलेलं पाणी आहे त्यात तोंड घाला. नंतर ते कुंड्यांना जाईल." त्यामुळं मी रोज संध्याकाळी मेथीच्या नाहीतर कोथिंबिरीच्या पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढायचो. तांदूळ धुतलेल्या पाण्यात डोळे उघडले तर काही दिसत नाही, पण चेहरा मऊ राहतो. नाकात मेथीचं पान गेलं तर काय होतं हेही मला माहीत आहे.

हातांसाठी मी हॉलमध्ये स्टूल घेतलं. स्टुलावर पोट टेकवून आडवं व्हायचं, पाय मागं ताणायचे, आणि हात मारायचे. समोर कपाटाचा आरसा. तीन हात, मान उजवीकडं, श्वास. तीन हात, मान डावीकडं, श्वास. एकदा मी असा रंगात आलेला असताना वरच्या मजल्यावरचे शेजारी टँकर कधी येणार ते विचारायला आले. दार उघडंच होतं. मी तोंडानं फूऽ फूऽ करत हात फिरवत होतो, आणि तीन मोजत असल्यामुळं थांबू शकत नव्हतो. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि आवाज खाली आणून बायकोला विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"आठवडा झाला," बायको म्हणाली.

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

यात तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेजारी पाणी न पिता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमधले तिघं मोसंबी घेऊन मला भेटायला आले. मी धडधाकट बसलेला बघून ते जरा नाराज झाल्यासारखे वाटले, पण मोसंबी परत नेली नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर तलावाचंच पाणी संपलं. म्हणजे ते साफसफाईसाठी सोडलं, आणि भरायला टँकर काही येईनात. आम्हाला वाटलं, आता सुट्टी. पण परीक्षेची तारीख तोंडावर आलेली होती आणि कोच जिद्दीचा होता. त्यानं बॅच कोरड्या तलावात घ्यायचं ठरवलं. वॉचमननं आम्हाला कोरड्या शॉवरखाली उभं केलं, मग टोपी घालून आम्ही शिडीनं कोरड्या तलावात उतरलो. पंधरा-वीस वयस्कर माणसं, कमरेत वाकून, तळावरच्या काळ्या रेघांवरून एकामागं एक चालत, हवेत हात मारत. कोच काठावरून बांबू आपटत ओरडत होता, "कोपर! कोपर! काकू, लाथ नका मारू, चालता चालता पडताल." कुंपणापलीकडं भाजीवाल्याचा गाडा थांबला होता. तो बराच वेळ गेला नाही.

त्या दिवशीची खरी गोष्ट अशी की मी तिथंही डावीकडं गेलो. पाणी नाही, लाट नाही, पायाखाली पक्की फरशी, नाकाखाली रेघ. तीन हात मोजत, मान वळवत मी चाललो होतो, आणि डोकं धाडकन डाव्या भिंतीवर आपटलं. रबरी टोपी असल्यामुळं फार लागलं नाही. कोच काठावर खाली बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. त्याला तसं बसलेलं बघून मला माझ्या टेंगळापेक्षा जास्त वाईट वाटलं.

भिंतीला टेकून डोकं चोळत होतो तेव्हा मला बायको दिसली. ती रांगेतून निघून, दोराखालून उतरणीवरून चालत पार खोल टोकाला गेली होती. तिथं तळाशी एकटी उभी राहून वर बघत होती. भिंती तिच्या दुप्पट उंच होत्या. मला वाटलं बरं झालं, खाली काय आहे ते तिनं एकदा बघून घेतलं. एक प्लास्टिकची क्लिप होती आणि थोडं शेवाळ, दुसरं काही नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, "बघ, काही नाही इथं."

"हो," ती म्हणाली, "पण केवढं खोल आहे हो." आणि तिनं माझा दंड धरला तो शिडीपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी मी खरा पेटलो. घरी येऊन हॉलच्या फरशीवर खडूनं रेघ आखली. ही माझी विद्या होती. स्टूल रेघेवर ठेवलं, डाव्या मनगटाला पाव किलोचं वजन बांधलं म्हणजे डावा हात जरा कामाला लागेल. बायको त्या रेघेवरून उडी मारून स्वयंपाकघरात जायची. पाचव्या दिवशी तलाव भरला. मी पाण्यात उतरलो, तोंड आत घातलं, रेघ पकडली, आणि डावा हात उजव्याइतकंच पाणी ओढतोय असं मला स्पष्ट जाणवलं. वर बघितलं नाही. तीन हात, श्वास. तीन हात, श्वास. दोराला हात लागला तेव्हा मी रेघेच्या बरोबर वर होतो. कोचनं बांबू खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता, हे मी कबूल करतो. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा आखल्या. इथं कुणीतरी माझ्याकरता एक आखून ठेवली होती आणि तिच्यावर कुणाचं भांडण नव्हतं. पाण्याच्या आत शांत असतं. बायको घरी काही सांगायला लागली की मी मध्येच कोपराबद्दल बोलायचो. कोपर कसं पाण्यातून आधी बाहेर येतं, मान वळवली की ते कसं डोळ्यांसमोरून जातं, ते नीट गेलं की सगळंच कसं नीट जातं. एकदा ती म्हणाली, "आज मी दोराच्या पलीकडं चार हात जाऊन आले. बघितलंत का?" मी म्हणालो, "माझं तोंड पाण्यात होतं." ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

परीक्षेचा रविवार आला. अख्खी बॅच काठावर ओळीनं बसली होती, टोप्या घालून. आम्हा दोघांना कोचनं शेजारशेजारच्या रेघांवर सोडायचं कबूल केलं. पण बायकोला माझ्या उजवीकडं ठेवलं, म्हणजे मी बिघडलोच तर तिला लागायला नको. आम्ही उथळ टोकाला पाण्यात उभे राहिलो. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"शेजारीच ना?" ती म्हणाली.

"शेजारीच," मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो.

कोचनं बांबू आपटला. मी तोंड आत घातलं. रेघ मिळाली. तीन हात, उजवीकडं श्वास. उजवीकडं ती होती, दिसायला हवी होती, पण मान वळवली की मी कोपर बघायचो. कोपर छान येत होतं. तीन हात, डावीकडं श्वास. दोर डोक्यावरून गेला. तळ उतरायला लागला, रेघ खाली खाली गेली, अंधुक झाली, पण मी तिला सोडलं नाही. डावीकडं ओढ लागली की डावा हात जास्त लांब न्यायचो. मला कुठलाच आवाज येत नव्हता, फक्त माझेच बुडबुडे. मग रेघेला आडवा फाटा फुटला, म्हणजे टोक आलं, आणि हाताला भिंत लागली. खोल टोकाची, पलीकडची, खरीखुरी भिंत.

मी डोकं वर काढलं आणि ओरडलो, "सरळ आलो!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओळीतलं कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. सगळ्यांच्या टोप्या तलावाच्या मध्याकडं वळलेल्या होत्या. तिथं बायको दोर धरून होती.

ती दोरापर्यंत माझ्या बरोबरीनं आली होती. तिथं तिनं मला हाक मारली. थांबा म्हणाली. मी पुढं गेलो. परत हाक मारली. मी तिच्या हातभर अंतरावरून, तोंड पाण्यात, तीन मोजत निघून गेलो. हे मला नंतर कोचनं सांगितलं. तो म्हणाला, तीनदा मारली. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ती दोर दोन्ही हातांनी धरून आहे आणि खाली बघत नाही, माझ्याकडं बघतेय.

मला माझी लाज वाटली. "आलो, आलो," म्हणत मी भिंत सोडली.

तिनं दोरावरचा एक हात वर केला. "नका येऊ," ती म्हणाली. "तिथंच थांबा."

मी परत भिंत धरली. मग तिनं दोर सोडला.

तिचं तोंड वर होतं, मान ताठ, पाय खाली गेलेले, हात कसेही पडत होते. दोन महिन्यांत शिकलेलं काहीच उरलं नव्हतं. कोचनं "तोंड" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या खाली तो काळपट तळ होता आणि ती माझ्यावरून नजर हलवत नव्हती. मधे दोनदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. दोनदा ती खोकली आणि पुढं आली. मी भिंतीला चिकटून बघत होतो. तेवढंच मला करता येत होतं आणि तेवढंच मी आधी केलेलं नव्हतं.

ती पोचली आणि तिनं माझं मनगट धरलं. "काकू, भिंतीला लावा हात," कोच हळूच म्हणाला. तिनं दुसरा हात भिंतीला लावला. मग काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोचनं दोघांचीही नावं खोल पाण्याच्या वहीत लिहिली, वर तिचं आणि खाली माझं.

ती बराच वेळ नुसता श्वास घेत होती. माझं मनगट तिच्या हातातच होतं, तिची बोटं दुखेपर्यंत रुतली होती. श्वास जागेवर आल्यावर ती माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "एकदा तरी बघायचं होतं हो तुम्ही."

ती रागावली नव्हती. मी टोपी काढली आणि ती हातात धरून तिच्या शेजारी पाण्यात राहिलो.